तो बसला की गाठ सुटे

त्या मुलखात प्रत्येक ओझ्याला गाठ होती आणि प्रत्येक गाठीला घर होते. कोल्ह्यांची गाठ आखूड आणि तीनपेडी, सशांची फुलासारखी सैल, रानम्हशींची दगडासारखी घट्ट. गाठ आईने लेकीला शिकवायची किंवा बापाने लेकाला. शिकवल्यावाचून ती दुसऱ्या कुणाला साधत नसे. डोंगरापलीकडच्या बाजारात ओझे उघडून बघण्याची रीत नव्हती. गाठ बघायची, घर ओळखायचे आणि माल घ्यायचा. ज्याची गाठ कापलेली, त्याचा माल कुणी घेत नसे, मग आत मोती का असेनात.

बाजाराला जाणारी वाट एकच होती आणि ती एका खिंडीतून जाई. खिंडीच्या तोंडाशी चौकी होती आणि चौकीच्या खडकावर कायदा कोरला होता: दुसऱ्याची गाठ कारणावाचून सोडू नये.

पुढे मुलखात निळे मूळ आले. ते चघळले की जनावर काम विसरे, पिलू विसरे आणि हसत हसत कड्यावरून पाऊल पुढे टाकी. मूळ ओझ्यांतूनच येते हे सर्वांना ठाऊक होते. पण ओझ्यांना गाठी होत्या. शहाण्यांनी पुष्कळ दिवस बसून यातून वाट काढली. गाठीच्या आत जे असेल ते घराचे, पण गाठीबाहेरची हवा कुणाच्याच मालकीची नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ती हुंगली तर गाठीला धक्का लागत नाही. तेव्हा एक कुत्रा आणावा, त्याला मुळाचा वास शिकवावा. तो ज्या ओझ्यापाशी खाली बसेल, त्या ओझ्यापुरते ते कारण झाले. कारण झाले की गाठ कापावी. खडकावरचे एकही अक्षर बदलावे लागले नाही, याचे शहाण्यांना फार समाधान वाटले.

त्या कुत्र्याचे नाव काजळ्या. अंगाने तांबूस आणि नाकाडावर काजळ पुसल्यासारखा काळा पट्टा. त्याची दोरी रंगराव नावाच्या वानराच्या हातात असे. रंगरावाला सगळे वस्ताद म्हणत, कारण कुत्र्याला त्यानेच शिकवले होते. शिकवायची पद्धत साधी होती. रंगरावाच्या डाव्या कमरेला एक पिशवी होती आणि पिशवीत चिंध्यांचा चेंडू. काजळ्या लहान असताना निळ्या मुळापाशी खाली बसला, की वस्ताद उजव्या हाताने पिशवीतून चेंडू काढी आणि लांब फेकी. काजळ्याला मुळाशी काही देणेघेणे नव्हते. त्याला चेंडू हवा होता, आणि चेंडूमागे धावताना वस्ताद जो हसे, ते हसणे हवे होते.

कारण एरवी त्याच्याजवळ कुणी येत नसे. ओझी घेऊन रांगेत उभी असलेली जनावरे तो जवळ आला की श्वास धरीत. माद्या पिलांना पोटाखाली ओढीत. चौकीच्या कुत्र्याने बोलायचे नाही, असाही नियम होता. तो बोलू लागला तर त्याच्या बसण्याला किंमत उरणार नाही, असे शहाण्यांना वाटे. त्यामुळे सहा वर्षे काजळ्या त्या खिंडीत होता आणि सहा वर्षांत त्याने कुणाला शब्दाने उत्तर दिले नव्हते. वस्ताद दुपारी त्याच्या कानामागचे गोचीड काढी, तेवढाच त्याच्या अंगाला हात लागे.

प्रवाशाला किती वेळ अडवायचे, यालाही नियम होता. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला भोक पाडलेली एक वाटी सोडलेली असे. वाटी हळूहळू भरून बुडेपर्यंत कुत्र्याला हुंगू द्यायचे. वाटी बुडाली की प्रवासी मोकळा.

रांगेत थट्टा चाले, पण ती अशी की काजळ्याला ऐकू जावी.

"काय वस्ताद," एक कोल्हा एकदा म्हणाला, "जावई आज उदास दिसतात. बसवा की लवकर कुणाच्या तरी ओझ्यापाशी. बिचाऱ्याला खेळायला तरी मिळेल."

"तुझ्यापाशीच बसवतो, थांब," रंगराव म्हणाला.

"माझ्यापाशी कशाला? पाणथळातली येतायत मागून, त्यांच्यापाशी बसतो तो आवडीनं."

रांग हसली. हसली नाहीत ती फक्त पाणथळातली जनावरे. निळे मूळ पाणथळात उगवते असे सारा मुलूख म्हणे. तिथे ते उगवताना कुणी पाहिले नव्हते, पण म्हणायला पाहावे लागत नाही.

पाणथळातूनच दर आठवड्याला हौसाक्का येई. ही एक म्हातारी गाढवीण होती आणि ती वाळ्याच्या जुड्या विकी. तिच्या घरची गाठ दातांनी बांधायची होती, आडवी, मधे एक डोळा सोडलेली. तिची लेक डोंगरापलीकडे दुसऱ्या गाठीच्या घरात गेली होती, त्यामुळे ती गाठ बांधणारी आता हौसाक्का एकटीच उरली होती. काजळ्याला ती वळणावर येण्याआधीच कळे; वाऱ्यावर वाळ्याचा गार वास येई आणि त्याचे शेपूट आपोआप हले.

साऱ्या रांगेत त्याच्याशी बोलणारी ती एकटी.

"जेवलास का रे?" ती विचारी. "नाही बोलायचं, माहितेय मला. कान हलव नुसता. हं. म्हणजे जेवला. काय जेवला? ते कानानं सांगता येत नाही, होय ना?" आणि मग ती पुढचे पाय सारखे करून ओझे त्याच्यापुढे धरी. "घे, हुंग बाबा. आमच्याकडे लपवण्यासारखं गुडघेदुखीशिवाय काही नाही."

काजळ्या हुंगे. वाळा, ओली माती, जुन्या गोणपाटाचा वास. तो जरा जास्तच वेळ हुंगे. वाटी बुडे, आणि ती खिंडीतून पलीकडे जाई. मग पुढचे सहा दिवस तो तिच्या बोलण्याची उत्तरे मनातल्या मनात तयार करी.

एका आठवड्यात रंगरावाच्या बहिणीचा मुलगा कड्यावरून पडला. त्याच्या गालात निळे मूळ सापडले. रंगराव दोन दिवस चौकीवर आला नाही आणि तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. त्या दिवशी त्याने गोचीड काढले नाहीत. रांगेत पाणथळाचे त्या दिवशी एकच जनावर होते.

"वस्ताद, ऐकलं मी," हौसाक्का हळूच म्हणाली. "फार वाईट झालं."

रंगराव घंगाळाकडे वळला. त्याने वाटी पाण्यावर सोडली.

काजळ्याने ओझ्याभोवती एक फेरी मारली. वाळा, माती, गोणपाट. त्याने शेपूट हलवले. हौसाक्काने नेहमीप्रमाणे विचारले, "जेवलास का?" त्याने कान हलवला. वाटी काठापर्यंत भरली होती आणि आता बुडणार, एवढ्यात रंगरावाने खालून बोट लावून ती वर धरली.

"परत एकदा," तो म्हणाला.

हौसाक्काने बोटाकडे पाहिले.

काजळ्याने दुसरी फेरी घेतली. वाळा, माती, गोणपाट. तो गाठीपाशी आला तेव्हा दोरी किंचित थांबली. त्याने मान वळवून वस्तादाकडे पाहिले. वस्तादाचे डोळे गाठीवर खिळलेले होते, श्वास अडकला होता, आणि त्याचा उजवा हात, त्याचा त्यालाही पत्ता नसताना, डाव्या कमरेच्या पिशवीकडे निघाला होता.

काजळ्या खाली बसला.

बसता बसताच त्याला कळले की आत मूळ नाही. नाकाने एक सांगितले होते आणि मागच्या पायांनी दुसऱ्याच कुणाचे ऐकले होते. त्याला उठायचे होते. पण सहा वर्षांत बसून उठायला त्याला कुणी शिकवले नव्हते.

सुरी चालली. आडवी, डोळा सोडलेली गाठ दोन तुकडे होऊन खाली पडली. रंगरावाने एकेक जुडी उलगडली, झटकली, धुळीत टाकली. गोणपाट उलटे केले. आत वाळ्याशिवाय काही नव्हते.

"आधी कधीतरी असणार आत," रंगराव म्हणाला. "वास मागे राहतो. तो उगीच बसत नाही."

हौसाक्का धुळीतल्या जुड्या दातांनी गोळा करीत होती. ती थांबली आणि म्हणाली, "काजळ्या, तू तर मला ओळखतोस."

आणि मग जे झाले ते काजळ्या पुढे कधीच विसरला नाही. वस्तादाने सवयीने चेंडू काढून फेकला, आणि तो त्याच्यामागे धावला.

बाजारात हौसाक्काचा वाळा कुणी घेतला नाही. संध्याकाळी ती भरल्या ओझ्याने परत गेली. जाताना तिने चौकीकडे मान वळवली नाही.

पण म्हातारी चिवट होती. तिने न्यायाच्या दगडापाशी जाऊन फिर्याद मांडली. मुलखाचा न्याय एक कासवीण करी. तिचे घर तिच्या पाठीवर होते आणि ते आजवर उघडणे सोडाच, कुणी हुंगलेदेखील नव्हते; त्यामुळे ती निःपक्षपाती आहे असे मानले जाई.

"गाठ कारणानं कापली गेली असेल," कासवीण म्हणाली, "तर ती मेली. तुझ्या घरात पुन्हा ती कुणी बांधायची नाही. कारणावाचून कापली असेल, तर तुला ती नव्यानं बांधता येईल. हे मान्य आहे का?"

"मान्य आहे," हौसाक्का म्हणाली. "मला दुसरं काही नकोच आहे."

रंगरावाला विचारले तेव्हा त्याने छातीवर हात ठेवला. "मी त्याला कसलीच खूण केली नाही. पाहिजे ती शपथ घाला."

तो खोटे बोलत नव्हता. काजळ्या त्याच्या पायाशी उभा होता आणि त्याला हे सर्वांहून जास्त ठाऊक होते.

"कुत्र्याला विचारावं तर त्याला बोलायची मुभा नाही," कासवीण म्हणाली. "म्हणजे त्याला बसवूनच विचारलं पाहिजे."

मग हौसाक्काने दगडाजवळ जाऊन कासविणीच्या कानात काहीतरी सांगितले. कासविणीने मान आत घेतली, पुष्कळ वेळाने बाहेर काढली आणि हुकूम केला. अंगणात दहा ओझी मांडली गेली. त्यातल्या सातव्याला लाल चिंधी बांधली होती.

"वस्ताद," कासवीण म्हणाली, "लाल चिंधीच्या ओझ्यात निळं मूळ ठेवलंय. बाकीच्यांत नाही. कुत्र्याला चिंधीचं काही कळत नाही, तुम्हाला कळतं. तो बरोबर बसला तर त्याचं नाक खरं, आणि मागचं बसणंही खरं. चुकला, तर मागचं बसणं हे कारण नव्हे."

सगळा मुलूख अंगणाभोवती जमला होता. रंगरावाने दोरी धरली. त्याच्या चेहऱ्यावर भरवसा होता. "चल बेटा," तो कुजबुजला. "दाखव त्यांना."

काजळ्याने हुंगायला सुरुवात केली. पहिल्यात पाचोळा. दुसऱ्यात पाचोळा. तिसऱ्यात, चौथ्यात पाचोळाच. तो सहाव्यापाशी पोहोचला तेव्हा वाऱ्याने सातव्याचा वास आपणहून आणून दिला. त्यातही पाचोळा होता. दहांपैकी एकातही मूळ नव्हते.

तो सातव्यापाशी आला आणि दोरी किंचित थांबली. वस्तादाचा श्वास अडकला. उजवा हात पिशवीकडे निघाला.

आता त्याला सगळे समजले. म्हातारीने कासविणीच्या कानात काय सांगितले ते समजले, आणि ती त्याच्यावर रागावून नाही तर त्याला नीट ओळखूनच इथे आली आहे, हेही समजले. तो बसला नाही आणि तसाच पुढे गेला, तर त्याचे नाक खरे ठरणार होते. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो त्या हाताला डावलून नाकाचे ऐकून वागला असता, सगळ्या मुलखादेखत. चौकी राहिली असती, वस्ताद राहिला असता, चेंडू राहिला असता. पण नाक खरे ठरले की हौसाक्काची गाठ मेली. तो बसला, तर खोटा ठरणार होता, आणि ती गाठ पुन्हा बांधली जाणार होती.

काजळ्याने हातावरून नजर काढून घेतली. गर्दीत हौसाक्का कुठे आहे ते त्याने शोधले. ती पुढचे पाय सारखे करून उभी होती, जशी रांगेत उभी राहायची. तिच्याकडे बघत तो सावकाश खाली बसला.

हे बसणे त्याचे स्वतःचे होते. पण ते आधीच्या शेकडो बसण्यांसारखेच दिसत होते आणि त्यातला फरक जगात कुणाला सांगता येणार नव्हता.

रंगराव हसला. सवयीने त्याने चेंडू फेकला. चेंडू अंगणभर घरंगळत जाऊन न्यायाच्या दगडाला अडला आणि तिथेच पडून राहिला. काजळ्या जागचा हलला नाही.

"ओझी उघडा," कासवीण म्हणाली.

दहा ठिकाणी पाचोळ्याचे दहा ढीग पडले. रंगरावाने ढिगांकडे पाहिले, कुत्र्याकडे पाहिले, आणि मग कमरेच्या पिशवीवर टेकलेल्या आपल्या हाताकडे तो असा बघत राहिला, जणू तो हात दुसराच कुणीतरी तिथे विसरून गेला होता.

हौसाक्काला तिची गाठ परत मिळाली. चौकीचे काय करायचे, याचा विचार करायला कासवीण तीन दिवस आत गेली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "दोष बसण्यात नाही, बघण्यात आहे. कुत्रा हाताकडे बघतो. तेव्हा चौकीवर असा कुत्रा ठेवावा, ज्याला बघता येत नाही."

हा निवाडा सर्वांना पटला. सुतारपक्ष्याला बोलावून काम सांगण्यात आले.

त्या दिवशी रंगरावाने काजळ्याच्या गळ्यातली दोरी सोडली. त्याच्या कानामागे एक गोचीड होता, तो काढला. "मला खरंच माहीत नव्हतं रे," तो म्हणाला. काजळ्याला आता बोलायची मुभा होती. वस्तादाला सांगण्यासारखे त्याच्याजवळ पुष्कळ होते, पण तोंड उघडले तेव्हा शब्द कुठून सुरू करायचे ते त्याला आठवेना. तो खिंड उतरून खाली गेला. वाटेत जी जनावरे भेटली, त्यांनी सवयीने श्वास धरला.

पाणथळात तो वाळ्याच्या वासामागून गेला. हौसाक्का दारात जुड्या बांधत होती. तिने वर पाहिले.

"जेवलास का?"

"नाही," काजळ्या म्हणाला. त्याचा आवाज गंजलेल्या कडीसारखा होता.

"मग उभा का? बस."

तो उभाच राहिला. त्याचे मागचे पाय वाकेनात.

म्हातारीने त्याच्याकडे जरा वेळ पाहिले. "बरं, बसू नकोस," ती म्हणाली. "आडवा पड. ते कुणी शिकवलं नाही ना तुला?"

तो तिच्या दारात आडवा पडला, आणि तिथेच राहिला. पाणथळातली इतर जनावरे त्या दारावरून जाताना वाट वाकडी करीत. हौसाक्काकडे शेजारच्या म्हशी येऊन गप्पा मारायच्या, त्या यायच्या थांबल्या. तिने त्याबद्दल कधी काही म्हटले नाही. पावसाळ्यानंतर तिचे गुडघे फारच धरले आणि खिंड चढणे तिला अशक्य झाले, तेव्हा एका सकाळी तिने दोरीचा तुकडा त्याच्यापुढे टाकला.

"दातांनी बांधायची आहे. तुला जमेल," ती म्हणाली. "आडवी घे. आता मधे डोळा सोड. एवढा नको, माशी जाईल एवढाच."

त्याला सतरा दिवस लागले. अठराव्या दिवशी म्हातारीने गाठ उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "ही आमची आहे." काजळ्या बराच वेळ त्या गाठीकडे बघत उभा राहिला. आजवर त्याच्या अंगावर फक्त दुसऱ्यांनी बांधलेल्या गाठी होत्या.

वाळ्याचे ओझे पाठीवर घेऊन तो खिंड चढला तेव्हा चांगली उन्हे आली होती. रांग पूर्वीसारखीच होती. पुढच्या कोल्ह्याने मागे वळून पाहिले आणि तो दोन पावले सरकला. चौकीवर नवा कुत्रा होता. सुतारपक्ष्याने तो एका अखंड सागाच्या ओंडक्यातून कोरला होता. त्याला डोळे ठेवले नव्हते. पायांखाली चाके होती आणि मागच्या पायांत बिजागऱ्या, कारण बसता आले नाही तर त्याचा चौकीला उपयोग काय. तो आपणहून चालू शकत नसल्यामुळे त्याच्या गळ्यातून ओवलेली दोरी बिजागऱ्यांपर्यंत गेली होती, आणि तिचे दुसरे टोक रंगरावाच्या उजव्या मनगटाला बांधलेले होते.

रंगराव एवढ्यातच म्हातारा दिसू लागला होता. समोर पाणथळाचे ओझे आले एवढेच त्याने आधी पाहिले आणि वाटी पाण्यावर सोडली. मग त्याने गाठ पाहिली. मग ओझ्याखालचे काळ्या पट्ट्याचे नाकाड पाहिले.

"काजळ्या?" तो म्हणाला.

काजळ्याने कान हलवला. मग आता बोलता येते हे आठवून तो म्हणाला, "हो, वस्ताद."

त्याचा आवाज रंगरावाने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. म्हाताऱ्याचे तोंड सगळे हसऱ्या सुरकुत्यांनी भरून गेले. पिशवी अजून त्याच्या डाव्या कमरेला होती. त्याने घाईघाईने उजवा हात पिशवीत घातला आणि चिंध्यांचा जुना चेंडू बाहेर काढून त्याच्यापुढे धरला.

मनगटाची दोरी ताणली गेली. बिजागऱ्या कुरकुरल्या, आणि लाकडी कुत्रा ओझ्यापाशी खाली बसला.

मागे रांगेने श्वास धरला. घंगाळात वाटी अजून तरंगत होती.